भांडीवाल्याची प्रत

जाहिरात मागण्यात मला कधी कमीपणा वाटला नाही. ऐंशीच्या दशकात डोंबिवलीतल्या आमच्या महिला मंडळाची दर दिवाळीला एक स्मरणिका निघायची आणि तिच्या जाहिराती गोळा करायचं काम माझ्या गळ्यात असायचं, कारण बाकीच्या बायकांना दुकानदारासमोर उभं राहायची लाज वाटायची आणि मला वाटायची नाही. मी ठाण्याला शाळेत मराठी शिकवत होते. शाळा सुटली की जांभळी नाक्यावर एक फेरी मारायची, आधी साडीवाला, मग चिवडेवाला, मग भांडीवाला. "ताई, मागच्या वर्षीचंच छापा," म्हणायचे. पान तेच, शुभेच्छा त्याच, तळाशी "सौजन्य" तेच. कुणाचं काही बिघडायचं नाही. स्मरणिका निघायची आणि तिच्यात आम्ही आमच्या कविता छापून घ्यायचो, ज्या एरवी कुणी छापल्या नसत्या.

त्यात एक रीत होती. अंक छापून आला की ज्याने जाहिरात दिली त्याला एक प्रत नेऊन द्यायची. पान उघडून दाखवायचं, हे बघा तुमचं दुकान. प्रत न देणाऱ्या मंडळाला पुढच्या वर्षी कुणी दारात उभं करायचं नाही. मी प्रती पोचवण्यात कधी कसूर केली नाही. भर पावसात पोचवल्या, अंगात ताप असताना पोचवल्या, धाकटीच्या वेळी दिवस भरत आलेले असतानाही खोपटच्या डेपोपासून चालत जाऊन पोचवल्या.

एवढं सांगायचं कारण, पुढे नव्वदीच्या शेवटी आमच्या घरात जो तमाशा झाला त्याचं मूळ या प्रतीत आहे. तमाशा करणारे सगळे शिकलेसवरलेले पुरुष होते आणि त्यांच्यातला एक सोडला तर कुणी मूळ शोधायची तसदी घेतली नाही. त्या एकाबद्दल तर मला सगळ्यांत जास्त बोलायचं आहे.

नवरा ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका इंजिनियरिंग कंपनीत ड्राफ्ट्समन होता. (समोर मी त्याला अहो म्हणते. लिहिताना नवरा म्हणते, ते सुटसुटीत पडतं.) कंपनी बंद पडायच्या आधीच त्याला कॉम्प्युटरची गोडी लागलेली. बंद पडल्यावर गोडीचं वेड झालं. डोंबिवली पूर्वेला आमचं तळमजल्याचं घर, त्याच्या पुढच्या खोलीतला सोफा त्याने मला न विचारता विकला आणि तिथे कॉम्प्युटरचा क्लास काढला. क्लास चालला. कोपरपासून, दिव्यापासून मुलं-मुली यायची. दिव्याच्या मुली येताना रिकाम्या बाटल्या आणायच्या आणि जाताना आमच्या नळावर भरून न्यायच्या, त्यांच्याकडे पाण्याची बोंब होती. नवऱ्याला सगळे सर म्हणायला लागले. मी खरी शिक्षिका, पण गल्लीत सर कोण, तर तो.

याच सुमारास इंटरनेटवरची पानं उघडायचा एक मोठा प्रोग्रॅम, म्हणजे ब्राउजर, तो बनवणाऱ्या कंपनीने सगळ्या जगाला खुला करून टाकला. खुला म्हणजे नुसता फुकट नव्हे, त्याची आतली मूळ लिखावट, ज्याला हे लोक कोड म्हणतात, तीसुद्धा. कुणीही वाचावी, बदलावी, आपली वेगळी आवृत्ती काढावी. आचाऱ्याने जेवणाबरोबर पाककृतीही वाटावी तसं. एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवर हा कोड होता आणि ती सीडी हातात आल्यावर नवरा जेवायला उठेना. तो म्हणाला, "अगं, हा मराठीत करता येईल. वरच्या पट्टीवरचे सगळे शब्द मराठी. आपल्या पोरींना इंग्रजीची भीती वाटणार नाही."

शब्द मी दिले. आमच्या संसारात इतकं सुख मला आधी झालेलं आठवत नाही. मी भाजी निवडतेय, तो आतून ओरडतोय, बॅकला काय? मागे. फॉरवर्डला? पुढे. कॅन्सलला? मी म्हटलं, "नको. नुसतं नको." तो म्हणाला, "रद्द म्हणतात ना?" मी म्हटलं, "रद्द गाड्या होतात. माणूस नको म्हणतो." वाचून झालेलं पान पुन्हा सापडावं म्हणून जी आठवण ठेवायची असते तिला आम्ही "खूण" म्हटलं. आणि पहिल्या पानाला, जिथे सगळं सुरू होतं, "घर". घर हा शब्द सुचला तेव्हा मी स्वतःवरच खूश झालेले.

जाहिरात मीच आणली. नवऱ्याला सीड्या काढून वाटायच्या होत्या, क्लासच्या मुलांना, वाचनालयांना, ज्याला हवी त्याला. मी नेहमीसारखी भांडीवाल्याकडे गेले. त्याला ब्राउजर म्हणजे काय ते कळलं नाही आणि त्याने विचारलंही नाही. "ताई, तुम्ही म्हणता ना, घ्या," म्हणाला. फक्त निघताना नेहमीचं बोलला, "कॉपी आणून द्या." घराच्या पानाच्या तळाशी एक छोटा पितळी तांब्या आला, शेजारी दुकानाचं नाव आणि वर "सौजन्य". मला तो तांब्या आवडायचा.

आता प्रत कशाची देणार? नवरा या गोष्टीने बेचैन झाला. माणसाने विश्वासाने जाहिरात दिली, त्याला दाखवायला काहीतरी हवं. विचार करकरून त्याने एक युक्ती काढली. ब्राउजर उघडला आणि फोन जोडलेला असला की आमच्या इंटरनेटवरच्या जागेत एक आकडा वाढायचा. कोण, कुठला, काय वाचतो, यातलं काही नाही. कुणीतरी उघडला, एवढंच. महिन्याच्या शेवटी आकडा कागदावर छापून भांडीवाल्याला नेऊन द्यायचा, हीच त्याची प्रत. कोडमध्ये त्या जागी त्याने इंग्रजी अक्षरांत मराठी शेरासुद्धा लिहून ठेवला, "भांडीवाल्याला प्रत द्यायची म्हणून." असा हा आमचा गुन्हेगार.

त्या दिवसांत मराठी कॉम्प्युटरवाल्यांची एक मेलिंग लिस्ट होती. एका पत्त्यावर ईमेल टाकली की ती सगळ्यांना जायची. काही लोक अमेरिकेत, काही पुण्यात, पण निम्म्याहून जास्त डोंबिवली, कल्याण आणि ठाण्याचे. म्हणजे एकमेकांच्या घरचं दार वाजवता येईल एवढ्या अंतरावर राहणारी माणसं टेलिफोनच्या तारेतून अमेरिकेला जाऊन तिथून परत येऊन एकमेकांशी बोलायची. मला यातलं शहाणपण तेव्हाही कळलं नाही.

या लिस्टवर आमचे भावजी होते. भावजी म्हणजे नवऱ्याचा मित्र, कंपनीत त्याच्या शेजारच्या टेबलावर बसायचा, घर दोन गल्ल्या सोडून. वीसेक वर्षं दर रविवारी सकाळी आमच्याकडे चहा. माणूस सरळ, अभ्यासू, पण तत्त्वाचा. तत्त्वाच्या माणसाशी मैत्री असावी, व्यवहार नसावा, असं माझं झालेलं मत आहे. गणपतीच्या मांडवावर एकदा कुठल्याशा साबणाचं बॅनर लागलं तर हा माणूस दहाही दिवस आरतीला बाहेर चपलांपाशी उभा राहिला. आत आला नाही.

भावजींनी सीडी घरी नेली, ब्राउजर लावला. पडद्यावरच्या खिडकीच्या तळाशी एक बारीक ओळ असते, तिच्यात ब्राउजर कुठे जातोय ते क्षणभर दिसतं. ती ओळ बघणारा माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात एकच असेल आणि तो नेमका आमचा निघाला. बरं, दोन गल्ल्या चालत यावं, विचारावं, अरे हे काय केलंयस. नाही. त्याने लिस्टवर लिहिलं. "हा ब्राउजर उघडताच वापरणाऱ्याला न विचारता बाहेर काहीतरी कळवतो. हे का, याचा खुलासा व्हावा." एवढ्या दोनच ओळी, सभ्य, मुद्देसूद.

मग जे सुटले ते सुटले. एकाला जाहिरातच नको होती, खुल्या सॉफ्टवेअरवर जाहिरात म्हणजे देवळात दारूचं दुकान. दुसऱ्याला जाहिरात चालत होती, मोजणी नको होती. तिसऱ्याला मोजणी चालत होती पण आधी विचारायला हवं होतं. अमेरिकेतल्या एका विद्वानाने स्वातंत्र्य म्हणजे काय यावर हप्त्याहप्त्याने लिहायला घेतलं. कल्याणच्या एका गृहस्थांना तांब्याच्या चित्राचा आकारच अश्लील वाटला. कुणी लिहिलं की आज तांब्या आहे, उद्या काय असेल सांगता येत नाही. आणि मग एकाने, बहुतेक घाईत, लिहिलं की तुम्ही काय वाचता ते ठाण्याच्या दुकानात कळतं. बस. ती ओळ सगळ्यांनी उचलली. प्रत्येक उत्तरात ती वर डकवलेली, आणि उत्तरागणिक तिच्यावर थोडं थोडं चढत गेलेलं.

नवरा उत्तरं लिहीत बसायचा. शांतपणे, क्रमवार, सगळं समजावून. शेवटी दर वेळी तेच लिहायचा, "कोड उघडा आहे, कृपया वाचा." मी विचारलं, "वाचतं का कुणी?" तो म्हणाला, "वाचतील." मला पंचवीस वर्षं उत्तरपत्रिका तपासण्याचा अनुभव. मुलं प्रश्न वाचत नाहीत, ही मंडळी कोड वाचणार? कोड उघडा आहे हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून प्रत्येकाने गृहीत धरलं की दुसऱ्या कुणीतरी वाचला असणार. मधल्या मध्ये आमचा फोन संध्याकाळभर अडकलेला. माझ्या आईला बरं नव्हतं, तिने सारखा फोन लावावा आणि सारखा एंगेज मिळावा. ती म्हणाली, "तुमच्याकडे कुणी गेलंबिलं का गं?"

सगळ्यांत संताप यायचा तो मंडईत. भावजी समोरून पिशवी घेऊन यायचे. दोघं थांबायचे. "मटार आलाय चांगला." "हो का, बघतो." "वहिनी, शाळा काय म्हणते?" इतकं गोड, इतकं नेहमीचं. घरी जाऊन दोघं आपापले मोडेम फोनला लावायचे आणि एकमेकांना "माननीय सदस्य" म्हणून पानंच्या पानं लिहायचे. मी एकदा नवऱ्याला तिथेच म्हटलं, "आत्ता बोला ना. समोर उभे आहात तर बोला." तो दचकून म्हणाला, "मंडईत? अगं, ते लिस्टवरचं आहे."

लिस्टवरचं लिस्टवर राहिलं असतं तर मी एवढी चिडले नसते. पण तीच माणसं सोसायटीच्या मीटिंगला जातात, मुलांना शाळेत सोडतात. गोष्ट खाली उतरली. ईमेलमध्ये ती मोजणी होती, गल्लीत आली तेव्हा हेरगिरी झाली. एक दिवस कोपरच्या खाडीकडची एक कोळीण मावशी क्लासच्या दारात उभी राहिली. मासळी विकून लेकीला शिकवत होती. पाटी खाली ठेवली नाही, डोक्यावरच ठेवून बोलली. "सर, मना खरा सांगा. माजी पोरगी हितं बसून काय करते ता त्या भांड्याच्या दुकानात समजतं?"

नवऱ्याने तिला सगळं समजावलं. आकडा म्हणजे काय, नाव कसं जात नाही. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुमी बोलता ता बरोबर असल. पन पोरीचं लगीन जमवायचा हाय. लोकांना मी कुटं सांगत बसू?" आणि लेकीला घेऊन गेली. तिच्यामागून आणखी काही गेल्या. कुणी भांडलं नाही, कुणी फी परत मागितली नाही, नुसत्या यायच्या थांबल्या. पुढच्या खोलीत मशीनं कापड घालून ठेवलेली दिसायला लागली. कंपनी बंद पडली तेव्हा नवरा इतका पडला नव्हता. तेव्हा शेकडो लोकांची नोकरी गेलेली, त्याच्या एकट्याच्या नावाला काही लागलं नव्हतं. आता तो एकदा मला म्हणाला, "सर म्हणायचे गं मला." मला फार वाईट वाटलं आणि त्याहून जास्त राग आला.

रविवारी भावजी चहाला आले नाहीत तेव्हा मीच त्यांच्याकडे गेले. त्यांची बायको पोळ्या करत होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि गॅस बंद करून बाहेर निघून गेली. शहाणी बाई. भावजी पेपर वाचत होते.

मी बसले नाही. विचारलं, "भावजी, तुम्ही तो कोड वाचलात का?"

"वाचला ना."

"सगळा?"

"याने जेवढा बदललाय तेवढा सगळा. मूळचा कसा वाचणार, तो डोंगर आहे. पण याचा पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. चांगला लिहिलाय वहिनी. नीटस."

"मग त्यात काय सापडलं?"

"काही नाही. आकडा जातो, नाव जात नाही. तिथे लिहिलंयसुद्धा त्याने, भांडीवाल्याला प्रत द्यायची म्हणून." आणि हा माणूस हसला. "मला तर तुमची स्मरणिकाच आठवली."

मी म्हटलं, "भावजी, इतके दिवस तुम्हाला हे माहीत आहे. तिकडे लोक त्याला चोर म्हणतायत. एवढी एक ओळ लिस्टवर लिहायला काय झालं होतं? मी वाचला, आकडा जातो, नाव जात नाही."

त्यांनी पेपरची घडी केली. अगदी कोपऱ्याला कोपरा जुळवून. म्हणाले, "मी लिहून उपयोग नाही. मी मित्र आहे. लोक म्हणणार, मित्राची पाठराखण करतोय. माझ्या साक्षीला किंमत नाही. आणि खरं सांगू, मुद्दा तोही नाही. त्याने विचारायला हवं होतं. आकडा का असेना, माझ्या घरातून जातोय, मला विचारून जायला हवा."

त्यांच्या दारामागे खिळ्याला आमच्या घराची किल्ली लटकत होती. आम्ही गावाला गेलो की झाडांना पाणी घालायला म्हणून कायमची त्यांच्याकडे असायची. मी ती दाखवली. "ही किल्ली तुमच्याकडे आहे. आमच्या कपाटात काय आहे ते तुम्हाला माहीत आहे. आम्ही कधी विचारलं, किती वेळा उघडलंत?"

"पण ती तुम्ही दिलीत," भावजी म्हणाले. "मी घेतली नाही."

माणूस बरोबर होता. मला आजही त्याचाच त्रास होतो, की तो बरोबर होता. खोटं बोलणारा असता तर मी दोन शब्द सुनावून मोकळी झाले असते. मी म्हटलं, "तुमची तत्त्वं तुम्हाला लखलाभ," आणि घरी आले. जे झालं ते नवऱ्याला सांगितलं, शब्दन् शब्द. तो फक्त एवढंच म्हणाला, "नीटस म्हणाला?" मी चिडून स्वयंपाकघरात गेले.

पुढचं काम माझंच होतं. आठवड्यातल्या एका दुपारी भांडीवाल्याकडे गेले. म्हटलं, जाहिरात काढतोय, आकडे द्यायचे तेही बंद करतोय, पैसे परत घ्या. मोजणीची सगळी कथा त्याला सांगितली. तो कळशीवर नाव घालत होता, ते थांबवून माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "आकडा कशाला हवा होता मला?"

"तुम्ही कॉपी मागितली होती."

"ताई, कॉपी तर मी सगळ्यांकडे मागतो. सवयच ती." त्याने मागे बोट दाखवलं. वरच्या फळीवर हंड्यांच्या मागे आमच्या स्मरणिका एकावर एक रचलेल्या होत्या, ज्या मी पावसापाण्यातून, तापातून, भरल्या दिवसांत आणून दिल्या होत्या त्या. मी दाखवलं तेवढं पान सोडलं तर कुणी त्या उघडलेल्याही दिसत नव्हत्या. "वाचायला वेळ कुठे असतो? तुम्ही येता, चांगलं वाटतं, म्हणून जाहिरात देतो."

दुकानातून बाहेर पडल्यावर मला हसू आलं नाही. ज्या प्रतीपायी नवऱ्याचं नाव गेलं ती कुणालाच नको होती. घरी येऊन त्याला सांगितलं. तो म्हणाला, "तरी द्यायला हवी होती," आणि तांब्या काढून टाकायला बसला.

तांब्या गेला, मोजणी गेली, नवीन सीडी निघाली. नवऱ्याने लिस्टवर कळवलं. वाटलं, आता तरी संपेल. तर पहिलं उत्तर आलं, "म्हणजे आरोप खरे होते." दुसरं आलं, "पुरावा नष्ट केला." अमेरिकेतल्या विद्वानाला नवीन हप्त्याची सोय झाली. मी ती उत्तरं नवऱ्याच्या खांद्यावरून वाचली आणि पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की या लोकांना उत्तर नकोच आहे. त्यांना संध्याकाळ घालवायची आहे.

आणि मग मराठी माणूस जे करतो ते झालं. मंडळ फुटलं की दुसऱ्या गल्लीत दुसरा गणपती बसतो, तसं भावजींनी लिस्टवरच्या काही मंडळींना घेऊन वेगळा मराठी ब्राउजर काढला. नवऱ्याच्याच कोडवरून, नियमाप्रमाणे, नवऱ्याचं नाव आत नीट लिहून. जाहिरात नाही, मोजणी नाही, पहिल्या पानावर तत्त्वांची यादी. ज्या गावात तेव्हा इंटरनेट असलेली घरं शोधावी लागायची तिथे आता दोन दोन मराठी ब्राउजर झाले. माझे सगळे शब्द त्यांनी घेतले, मागे, पुढे, नको, खूण. फक्त "घर" काढून "मुखपृष्ठ" केलं. जाहिरातीचं, मोजणीचं सगळं मी एक वेळ माफ करीन. मुखपृष्ठ नाही.

त्या ब्राउजरची सीडी भावजींनी आमच्या पत्रपेटीत टाकली, चिठ्ठी वगैरे काही नाही. नवऱ्याने ती आत नेली. मला वाटलं, तोडून टाकेल. तो कोड वाचत बसला. शाळेतून येते तो वाचतोय, जेवायला बोलावते तो वाचतोय. वाचून झाल्यावर त्याने पुढच्या खोलीतल्या मशीनांवरची कापडं काढली, स्वतःचा ब्राउजर सगळ्या मशीनांवरून पुसला आणि भावजींचा बसवला.

"हे काय करताय?" मी विचारलं.

"त्याचा बरा आहे. कोडमध्ये माझी एक चूक राहिलेली, त्याने दुरुस्त केलीय."

कोळीण मावशी त्या आठवड्यात आमच्या गल्लीत मासळी घेऊन आली. नवऱ्याने तिला थांबवलं आणि सांगितलं की आता मशीनवर दुसऱ्याने केलेलं आहे, माझं नाही. तिने विचारलं, "तुमी बगितलाव ना?"

"सगळा वाचलाय मी. काही बाहेर जात नाही."

"मंग झाला," ती म्हणाली. "सोमवारपासून येल पोरगी." दुसऱ्याचा ब्राउजर तिने माझ्या नवऱ्याच्या शब्दावर घेतला. ज्या शब्दावर तिने त्याचा स्वतःचा घेतला नव्हता, त्याच शब्दावर.

मग तो लिस्टवर लिहायला बसला. मी म्हटलं, आता कशाला परत त्या चिखलात? त्याने लिहिलेलं मला दाखवलं. "या नव्या ब्राउजरचा कोड मी पूर्ण वाचला आहे. कुठेही काही कळवत नाही. काम चोख आहे. निःशंकपणे वापरावा." खाली स्वतःचं नाव. त्या ईमेलला कुणीही उलट उत्तर दिलं नाही. विद्वान गप्प, कल्याणचे गृहस्थ गप्प. ज्याला फाडून खाल्लं त्यानेच साक्ष दिल्यावर बोलणार काय? लिस्ट दुसऱ्या कसल्याशा भांडणाकडे वळली.

माझं डोकं मात्र फिरलं होतं. मी म्हटलं, "एवढी एकच ओळ तुम्हाला हवी होती. त्यांना माहीत होती, त्यांनी लिहिली नाही. तुमचा क्लास रिकामा झाला, पोरी गेल्या, तरी लिहिली नाही. आणि तुम्ही त्यांच्यासाठी लिहून मोकळे. तुम्हाला काही वाटतं की नाही?"

त्याने मोडेम बंद केला. म्हणाला, "अगं, कंपनीत वीस वर्षं ड्रॉइंग काढली, साहेबाने कधी सही करण्यापलीकडे बघितलं नाही. या लिस्टवर इतकी माणसं, कुणी एक ओळ उघडली नाही. तूही शब्द दिलेस, आत बघितलं नाहीस, आणि तुझी काही चूक नाही. त्याने पहिल्या ओळीपासून वाचला. माझा शेरासुद्धा वाचला. मला आयुष्यात आणखी कुणी असं वाचलेलं नाही."

रविवारी भावजी चहाला आले तेव्हा मी त्यांच्यासमोर कप ठेवला, पण जरा जोरात.